उघडलंच आहे, तर मोठं करू

बोरिंगवाला म्हटलं की जळगावकडच्या माणसाला आधी शेतातली बोअर आठवते. पाणी लागलं का, असं मला आजही लोक विचारतात. तर आधीच सांगतो, माझं बोरिंग जमिनीचं नाही, इंजिनाचं. गाडीचं इंजिन गरम होऊन खराब झालं, धूर मारायला लागलं, की गॅरेजवाला मिस्त्री ते उघडतो. आतला ब्लॉक, म्हणजे ज्यात पिस्टन वर-खाली पळतात ती नळकांडी असलेला मुख्य भाग, माझ्याकडे पाठवतो. नळकांडी आतून झिजलेली, चरे पडलेली असतात. मी ती उभ्या मशीनवर केसभर मोठी कापतो, घासून गुळगुळीत करतो आणि त्यात मापाचा मोठा पिस्टन बसतो. एवढंच माझं काम. आयुष्य यातच गेलं.

सातवीत शाळा सोडली. गाव बांद्याजवळ, सावंतवाडीच्या पुढे. मामा आग्रा रोडवर ट्रक चालवायचे. त्यांनी मला धुळ्यात नानांच्या दुकानासमोर उतरवलं आणि म्हणाले, हा पोरगा ठेवून घ्या, घरी खाणारी तोंडं फार आहेत. नानांनी मला वरून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "भूक लागनी का?" मला भाषा कळली नाही, पण प्रश्न कळला. नानांच्या घरून, त्यांच्या बायकोच्या, म्हणजे अक्कांच्या हातची कळण्याची भाकरी आणि ठेचा आला. मी ठेचा खाऊन रडलो. नाना हसत म्हणाले, "कोकण्या शे." तेच माझं नाव पडलं. आज गावी फोन केला तर भाऊ म्हणतो, तू पक्का घाटी झालास. इथे मी कोकण्या.

हे अशासाठी लिहिलं की पुढे जे सांगणार आहे ते नानांबद्दल आहे, आणि नानांचं माझ्यावर काय ऋण होतं ते आधी कळावं. काम त्यांनी शिकवलं. लग्न त्यांनी ठरवलं. मला लेकरू झालं तेव्हा त्यांनी धुळ्याच्या दुकानातली दुसरी मशीन काढून जळगावला एमआयडीसीत मला लावून दिली. दुकानाच्या पाटीवर नाव त्यांचं, कारण त्या नावावरच काम येणार होतं. मी जन्माचा भित्रा माणूस. माप एकदा घेऊन माझं भागत नाही. शटर ओढून घरी गेलो तरी कुलूप लागलं का, म्हणून परत येतो. असा माणूस स्वतःच्या हिमतीवर दुकान टाकू शकत नाही. मला ते माहीत होतं, नानांनाही माहीत होतं. नाना आज नाहीत, अक्काही नाहीत. ते असते तर मी हे लिहिलं नसतं. बाकीच्यांची नावं बदलली आहेत.

आता मूळ विषय. हल्ली तरुण पोरं मोबाइलवर व्हिडिओ घेऊन येतात. परदेशातला कुणीतरी टर्बो गाडीचं इंजिन उघडून त्यात मोठे पिस्टन घालतो आणि गाडी बाणासारखी सुटते. "काका, आपल्या गाडीची सीसी वाढवून द्या." सीसी म्हणजे सगळ्या नळकांड्यांत मिळून मावणारी जागा. जागा वाढली की ताकद वाढली, असा सरळ हिशेब. साध्या इंजिनाला तो बराचसा लागूही पडतो. साधं इंजिन स्वतःच्या दमाने जेवढी हवा ओढेल तेवढीच खातं, म्हणून पोट मोठं केलं तर जास्त खाईल.

टर्बोचं तसं नसतं. टर्बो हा एक पंखा. धुराच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो. म्हणजे छोट्या पोटाच्या माणसाला आग्रह करकरून वाढणारा यजमान. अशा इंजिनाची ताकद पोटावर कमी आणि कोंबण्यावर जास्त अवलंबून असते. तुम्ही नळकांडं अर्धा मिलिमीटर वाढवलं तर जागा वाढते शेकड्यात एक-दीड. ती गाडी चालवताना पायाला कळतसुद्धा नाही. कळण्याइतकी वाढवायची तर खूप कापावं लागतं, आणि कापायचं कुठून? भिंतीतून. घरात कुकर असतो. त्यात डाळ जास्त मावावी म्हणून कुणी कुकर आतून घासून पातळ करत नाही. टर्बोचं इंजिन हा कुकरच आहे.

फायदा काहीच नाही असं मी म्हणत नाही. टर्बो गाडी खालच्या वेगात मंद असते, पंखा फिरायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात मोठं पोट कामाला येतं. चढावर, भरल्या गाडीत फरक पडतो. पण त्यासाठी ब्लॉक जाड भिंतीचा हवा. त्याच ब्लॉकचं मोठं इंजिन कंपनीने स्वतः बनवलेलं असेल तर उत्तम. मग पेट्रोल जास्त लागणार, म्हणून इंजेक्टर बदला, कॉम्प्युटरची सेटिंग बदला. पिस्टन मोठा झाला की दाब वाढतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात, हवा आधीच भट्टीची, अशा दाबाला पेट्रोल वेळेआधीच भडकतं आणि इंजिन आतून ठोकायला लागतं. शिवाय आरटीओच्या कागदावर सीसी लिहिलेली असते, ती परस्पर बदलता येत नाही, विमावाला हात वर करतो. एवढं सगळं करून जे मिळतं ते पुष्कळदा नुसती टर्बोची सेटिंग थोडी वाढवून, इंजिन न उघडताही मिळतं. म्हणून माझं उत्तर नाही. रस्त्यावरच्या रोजच्या गाडीला नाही.

पण हा प्रश्न लोक ज्या वेळेला विचारतात ती वेळ वाईट असते. गाडी धडधाकट असताना कुणी माझ्याकडे येत नाही. इंजिन उघडून टेबलावर पडलेलं असतं, खर्च होणारच असतो, आणि मग कुणीतरी म्हणतं, उघडलंच आहे, तर मोठं करू. आमच्या धंद्यातली निम्मी नासाडी या वाक्याने केली आहे. घर रंगवायला काढलं की भिंत पाडायची हौस येते, तसं.

सुपडूभाऊंचं तसंच झालं. सुपडूभाऊ चौधरी, सावद्याकडचे, केळीचे बागायतदार. छोटी टर्बो पेट्रोल गाडी, तीन नळकांड्यांची, अॅल्युमिनियमचा ब्लॉक, आत लोखंडाच्या पातळ स्लीव्ह, म्हणजे नळकांड्यांची अस्तरं. गाडीत बसायची कायम सहा माणसं आणि सामान. एका लग्नाला जाताना पाण्याचा पाइप फुटला, काटा लालवर गेला, पण हळद टळायला नको म्हणून भाऊंनी गाडी तशीच दामटली. हळद मिळाली, इंजिन गेलं. गाडी आली वसंत मिस्त्रींकडे. वसंत मिस्त्री हे नानांचे जुने गिऱ्हाईक, तीस वर्षांची दोस्ती. माझ्या दुकानात येणारे निम्मे ब्लॉक त्यांचे.

मिस्त्रींनी ब्लॉक पाठवला आणि बरोबर मोठ्या गाडीचे तीन पिस्टन. फोनवर म्हणाले, "कोकण्या, या मापाला करून दे. भाऊंची तक्रार आहे, गाडी खालून ओढत नाही. उघडलंच आहे, तर मोठं करून टाकू."

मी माप घेतलं. परत घेतलं. स्लीव्ह कापून जी उरणार होती ती जवळजवळ पत्र्यासारखी. दोन आणि तीन नंबरच्या नळकांड्यांमध्ये तर बोटाच्या नखाएवढी जागा. मी मिस्त्रींना म्हणालो, "मिस्त्री, हे नको. नव्या स्लीव्ह घालतो, जुन्याच मापाचे पिस्टन बसवा. खाली ओढत नाही तर गिअर वेळेवर बदलायला सांगा भाऊंना."

"तू भाऊंना गाडी चालवायला शिकवणार?"

"मी नाही, तुम्ही सांगा."

आमच्या धंद्यात एक रीत आहे. गाडीवाला हा मिस्त्रीचा माणूस. बोरिंगवाल्याने गाडीवाल्याशी बोलायचं नाही. ब्लॉक येतो, माप येतं, काम करायचं, ब्लॉक परत द्यायचा. दुकानात गाडीवाला आलाच तर चहा विचारायचा, इंजिनाचं बोलायचं नाही. ही रीत वाईट नाही. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर गिऱ्हाईक बिथरतं.

पण सुपडूभाऊ दुसऱ्या दिवशी स्वतःच आले, चौकशी करायला. पांढरा पायजमा-शर्ट, हातात केळीच्या डागाचा रुमाल. म्हणाले, "काय हो, मिस्त्री सांगत होते तुम्ही नाही म्हनू राह्यले. मले सांगा ना, काय अडचन हाये?"

मी चहा मागवला. भाऊंनी चहा घेतला आणि परत तेच विचारलं. मग मी सांगितलं. कुकरचं उदाहरणही दिलं. भाऊ ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे फुटंल?"

"आज नाही. उन्हाळ्यात, भरल्या गाडीत, कधीतरी."

"मिस्त्री त म्हने काही होत नाही."

"ते तुमचं त्यांचं. मला विचारलं म्हणून बोललो."

संध्याकाळच्या आत धुळ्याहून नानांचा फोन. मिस्त्रींनी त्यांना कळवलं होतं. नाना चिडले नाहीत. ते कधी चिडत नसत. म्हणाले, "सकाळना येस मी." आणि सकाळच्या एसटीने आले, पिशवीत अक्कांनी दिलेली भाकरी आणि फडक्यात गुंडाळलेली पितळेची दांडी.

ती दांडी धुळ्यात प्रसिद्ध. लोखंडी ब्लॉक साखळीला टांगायचा आणि दांडीने हलकेच ठोकायचं. ब्लॉक घंटेसारखा वाजला तर निरोगी, बद्द वाजला तर कुठेतरी तडा. नानांनी ऐकून तडा सांगावा आणि नंतर तो तिथेच सापडावा, हे मी शेकडो वेळा बघितलं आहे. नुसत्या कानावर त्यांनी ट्रकचे ब्लॉक भंगारातून वाचवले. पण ते ब्लॉक लोखंडाचे, हातभर जाडीचे. त्या ब्लॉकांना एकदा मोठं करा, दोनदा करा, तीनदा करा, ते मरत नसत, उलट गाडी पहिल्यापेक्षा बरी पळायची. नानांच्या सगळ्या आयुष्यात नळकांडं वाढवणं म्हणजे इंजिनाला पुन्हा जीव देणं होतं. वाढवल्याने काही मरतं हे त्यांनी पाहिलेलंच नव्हतं.

नानांनी स्लीव्हच्या कडेला दांडी लावली. आवाज स्वच्छ आला. त्यांनी तिन्ही नळकांडी वाजवली आणि माझ्याकडे बघितलं. "चांगला शे."

"नाना, आज तडा नाही, ते बरोबर. पण कापल्यावर किती राहील बघा. हे अॅल्युमिनियम आहे, आणि टर्बो—"

"मना बठ्ठा जनम लोखंड ऐकामा गया," नाना म्हणाले. "माले शिकाडू नको."

वसंत मिस्त्री बाजूलाच उभे. ते म्हणाले, "राहू द्या नाना. पोरगा घाबरट आहे, माणूस वाईट नाही."

मी हात पुसले आणि म्हणालो, "नाना, मी हे करणार नाही. तुम्ही म्हणाल ते ऐकतो, पण हे नको."  ज्या मशीनजवळ उभा राहून नाही म्हणत होतो ती मशीन त्यांची, पाटी त्यांची, अंगातलं काम त्यांचं. मला वाटलं, आता म्हणतील, चाल निघ.

नानांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. ब्लॉक त्यांनी स्वतः मशीनवर चढवला. मी बाजूला उभा राहून टूल देत गेलो, कारण नुसतं उभं राहणं मला जमलं नाही. काम बघण्यासारखं होतं. सत्तरीच्या माणसाचा हात, पण केसाचा फरक नाही. तिन्ही नळकांडी आरशासारखी. तसं बोरिंग मी आजही करू शकत नाही. निर्णय चुकीचा होता आणि काम इतकं सुंदर होतं की बघताना मला वाईट वाटत होतं.

गाडी सुटली आणि खरंच पळाली. सुपडूभाऊंनी फोन केला. "कोकणीभाऊ, गाडी मस्त पयते बरं. चढावर निस्ती उडते." माझ्या घरी केळीची एक फणी पाठवली. बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर मिस्त्रींनी चारचौघांत विचारलं, "काय रे, तुझा कुकर फुटला नाही अजून?" सगळे हसले. मीही हसलो. मला खरंच वाटायला लागलं होतं की आपण भित्रे आहोत म्हणून आपल्याला भिंत पातळ दिसली. रोज देवाला सांगायचो, मला खोटा पाड. खोटं पडणं सोसलं असतं.

एप्रिलात भाऊ घरच्या माणसांना घेऊन पद्मालयाच्या गणपतीला निघाले होते. एरंडोलच्या अलीकडे गाडीतून पांढरी वाफ निघाली. मिस्त्रींनी इंजिन उघडलं. दोन आणि तीनच्या मधली भिंत वरपासून अर्ध्यापर्यंत तडकलेली, पाणी तेलात मिसळून त्याचं ताक झालेलं. मिस्त्रींनी नानांना बोलावून घेतलं आणि ब्लॉक माझ्या दुकानात आणून ठेवला. का, तर बोरिंगचं दुकान माझं. सुपडूभाऊही आले. माणूस शांत, पण बायकापोरांसह उन्हात रस्त्यावर उभा राहिलेला.

भाऊंनी ब्लॉककडे बघितलं, आणि विचारलं, "हे कापलं कोनं?"

मिस्त्री शटरच्या बाहेर बघायला लागले. रस्त्यावर काहीच नव्हतं. नाना स्टुलावर बसलेले. त्यांनी मशीनकडे बघितलं, माझ्याकडे नाही, आणि म्हणाले, "काम ह्या दुकानमा व्हयनं."

ते खरं होतं. एकही शब्द खोटा नव्हता.

भाऊ माझ्याकडे वळले. "म्हंजे तुम्ही? तुम्हीच त नाही म्हनत होते."

मी नानांकडे बघितलं.  नाना धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत होते. साऱ्या खान्देशात ज्यांच्या हातचा एक ब्लॉक परत आला नाही, अशी ज्यांची ख्याती, तो माणूस माझ्या दुकानात स्टुलावर बसून चष्मा पुसत होता आणि चष्मा स्वच्छच होता.

मी म्हणालो, "हो."

"माहीत असून केलं?"

"हो."

सुपडूभाऊंनी तडकलेल्या भिंतीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "न कयता केलं असतं त एक बात होती. तुमाले ठाव होतं, तरी केलं. हे जास्त वाईट हाये." आणि गेले. मी त्यांना दुसरा ब्लॉक शोधून, जुन्याच मापाचा बसवून दिला. ती गाडी अजून चालते. भाऊ पुन्हा कधी दुकानात आले नाहीत, पण सावदा, फैजपूर, यावल, जिथे केळीवाला भेटेल तिथे त्यांनी सांगितलं. त्यांचा काय दोष? त्यांना जे कळलं ते सांगितलं. माझं 'नाही' म्हणणंच माझ्या अंगावर आलं. बोललो नसतो तर अडाणी ठरलो असतो. बोललो म्हणून लबाड ठरलो. वसंत मिस्त्रींचे ब्लॉक हळूहळू दुसऱ्या दुकानात जायला लागले. मला वाटतं माझं तोंड बघणं त्यांना जड जात असावं. कुणी कापलं ते धंद्यात आम्हा तिघांनाच माहीत होतं, आणि तिघांत मी एकटाच होतो ज्याला त्याची लाज वाटायचं कारण नव्हतं.

त्या दिवशी नानांना बसस्टँडवर सोडायला मी गेलो. वाटलं, आता दोघेच आहोत, आता काहीतरी म्हणतील. एक शब्द पुरला असता. नाना धुळ्याची बस लागेपर्यंत बाकावर बसून होते. बस आल्यावर म्हणाले, "मशीनना पट्टा बदल. घसरस." मी पट्टा बदलला.

घरी बायको भडकली होती. म्हणाली, "सांगून टाका सगळ्यांना. तुमच्या तोंडाला काय झालंय?" मी तिला म्हणालो, मला भूक लागली का असं ज्या माणसाने विचारलं होतं त्याला मी हे करू शकत नाही. ती म्हणाली, "एका जेवणाची किती वर्षं फेड करायची?"   मला नानांचा राग येतो. मनात पुष्कळदा मी त्या दिवसाचं भांडण करतो, नानांना तोंडावर बोलतो, आणि मग अक्कांच्या हातचा डबा आठवतो आणि भांडण अर्धवट राहतं. उपकार करणाऱ्या माणसाने अन्याय केला की तो कुठे ठेवायचा, हे मला कुणी शिकवलं नाही.

मात्र एक गंमत झाली. पूर्वी मी पोरांना कुकर, पंखा, भिंत समजावून सांगायचो तेव्हा ती माझ्याकडे घाबरट म्हातारा म्हणून बघायची आणि दुसरीकडे जाऊन काम करून घ्यायची. आता ऐकतात. कारण आता मी एक ब्लॉक फोडलेला माणूस आहे. "काका, तुमचाच फुटला होता ना? मग तुम्ही म्हणता ते खरंच असेल." खरं सांगितलं तेव्हा कुणी ऐकलं नाही. या एका खोट्यामुळे किती इंजिनं वाचली, मोजलेली नाहीत. नशिराबादचा एक पोरगा तर म्हणाला, तुमचं पाहूनच मी नको म्हटलं. मी त्याला चहा पाजला.

नाना शेवटी दोन वर्षं घरीच होते. मी धुळ्याला जायचो, त्यांचे पाय चेपायचो. शेवटच्या दिवाळीत गेलो तेव्हा शेजारचा एक तरुण आलेला. त्याने नवी टर्बो गाडी घेतली होती आणि नानांना विचारत होता, इंजिन मोठं करता येईल का. नाना उशीला टेकून बसले होते. आवाज बारीक झाला होता, पण ठाम. त्याला म्हणाले, "टर्बोले हात लावू नको रे भो. भिंत पातय पडस. याले इचार," आणि माझ्याकडे बोट केलं. "यानी एक फोडेल शे."

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तिथे काही लपवलेलं नव्हतं. नानांना खरंच तसं आठवत होतं. कापण्याआधी मी जे बोललो होतो ते आता त्यांचं बोलणं झालं होतं, आणि त्यांचे हात माझे झाले होते.

तो तरुण गेला. मी मान खाली घालून पाय चेपत राहिलो. नानांना वाटलं असावं, परक्यासमोर बोललो म्हणून मला लागलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"जाऊ दे," म्हणाले. "चूक व्हई जास मानूसकडथून. मी तुले त्यानावर कधी बोलनू का?"

"नाही, नाना," मी म्हणालो. "कधीच नाही बोललात."